कुंपणापलीकडची कासवं

डॉमिनिका

आईस,
तुझ्या हट्टी लेकीचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते.

इथल्या नव्या हॉटेलने किनाऱ्याला कुंपण घातलंय. काल संध्याकाळी माझ्या वर्गाला कासवाची पिल्लं दाखवायला मी तिथेच नेलं. रखवालदार म्हणाला, "बाई, आत फक्त पाहुण्यांना सोडतात."

वर्गातली छोटी इझोलीन आपल्या क्रेओल बोलीत म्हणाली, "काका, मग कासवं कितव्या खोलीत उतरलीत?"

तो हसला आणि बाजूला झाला. पिल्लं आमच्या पायांजवळून समुद्रात गेली. मुलं श्वास रोखून बघत होती.

हेडमास्तरांनी आज बजावलंय, पुन्हा गेलात तर नोकरी जाईल. शुक्रवारी मी दुसरा वर्ग नेतेय.

तुझा गुडघा कसा आहे? मी अचानक घरी आले, तर काही विचारू नकोस. नीरफणस भाजून ठेव.

तुझी,
ओडेलिया