तपासणी फुकट

पलाट्का, फ्लोरिडा
३ मार्च १९९८

चि. लोरीनला अनेक आशीर्वाद.

अगं, काल तुझ्या भावाला बेड्या पडल्या! दवाखान्यात, पेशंटच्या पाठीवर माझे हात असताना. गुन्हा काय, तर पोलिसांकडची अपघातांची यादी घेऊन मी जखमींना पत्रं पाठवतो, की मणके दाखवून जा, पहिली तपासणी फुकट. राज्याच्या कायद्यात हीच म्हणे विम्याची फसवणूक! विमा कंपनीला मी एक खोटं बिल लावलेलं नाही. तरी पाच वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो! जामिनावर घरी आलोय, पण पार हबकलोय. वकील म्हणतो, लिहिण्या-बोलण्याचा हक्क राज्यघटनेनं दिलाय, आपण कायद्यालाच आव्हान देऊ. तुझा नवरा हॉलिस जाऊन वर्ष झालं नाही, त्यात हा घोर. माया आटू देऊ नकोस.

तुझा डेल्बर्टदादा

ओकाला
११ मार्च १९९८

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पाच वर्षं? मला वाटलं होतं, फार तर कान उपटतील. कोणत्या पत्रावरून खटला भरला, ते एकदा कागदात बघ ना. संत्र्याचा मोरंबा पाठवलाय. हावरटा, एकट्यानं संपवू नकोस. लोभ आहे तो वाढावा.

लोरीन

पलाट्का
९ नोव्हेंबर २०००

चि. लोरीनला अनेक आशीर्वाद.

जिंकलो गं! न्यायालयानं ते कलमच रद्द केलं. फसवायचा हेतू नसेल तर नुसतं पत्र पाठवणं गुन्हा नाही. वकील म्हणायचा, भांडण कायद्याशी आहे, पत्र कोणाला गेलं याच्याशी नाही. म्हणून खटल्याच्या कागदांतलं ते पान मी उघडलंच नाही. तक्रार करणारा चोंबडा कोण होता कोण जाणे! सोमवार, वीस तारखेपासून पत्रं पुन्हा सुरू. आठवण ठेव.

डेल्बर्टदादा

ओकाला
१४ नोव्हेंबर २०००

ती. दादास सा. न. वि. वि.

ती चोंबडी मी. अपघातात गेलेल्या हॉलिसला पुरून घरी आले, तर पेटीत तुझं पत्र. ‘प्रिय हॉलिस, पाठ दुखत असेल ना? तपासणी फुकट.’ त्याच सकाळी तू त्याला खांदा दिला होतास! मजकूर यंत्रानं छापलेला, पण सही तुझ्या हातची. माझं डोकंच फिरलं. ते पत्र मी विम्याच्या तपासनिसाला दिलं. तुरुंगाचं माहीत नव्हतं रे. अडीच वर्षं धड झोपले नाही. तू सुटलास, जीव भांड्यात पडला. तुला हक्क आहे, लिही. पण नाव वाचत जा. लोभ आहेच.

लोरीन

पलाट्का
२० नोव्हेंबर २०००

चि. लोरीन,

पान उघडलं. सही माझीच आहे. आज सोमवार. यादी घेऊन सकाळी बसलो, दुपार झाली. अजून पहिल्याच नावावर आहे.

दादा