खाणीच्या तोंडाशी असलेला फलक

इवानोसावा, ९ जून २०१४

ती. फुमिएताईस धाकट्या तेत्सुरोचा सा. न. वि. वि.

फोन केला की तू ओरडतेस, म्हणून लिहितो आहे. गुडघे कसे आहेत? मंदिराचं सगळं आता तुझा मुलगा रियोकाई बघतो, तर तू तरी जरा टेक. वांग्याचं लोणचं पाठवलं आहे.

मुद्दा असा. खाणीच्या तोंडाशी अकरा कोरियन मजुरांच्या नावांचा फलक आहे ना, त्यावर ‘जबरदस्तीने आणलेले’ असं लिहिलंय. टोकियोच्या देशगौरव परिषदेचं म्हणणं, याने देशाला बट्टा लागतो. फलक काढावा असा ठराव मी नगरसभेत मांडतो आहे. मसुदा तेच पाठवतात, सगळ्या गावांना सारखाच, आपल्याला काही करावं लागत नाही. पुढच्या वर्षी प्रांतसभेला उभा राहिलो की ते माझ्या पाठीशी असतील.

बाबा त्या खाणीत मुकादम होते. तू फक्त चार ओळी लिहून दे, की बाबा सांगायचे, ती माणसं आपखुशीने आली होती आणि आमच्याबरोबर एकाच पातेल्यातला भात खायची. थोरल्या मुलीच्या शब्दाला वजन असतं.

रागावू नकोस. लोभ आहे तसा राहू दे.

तुझा तेत्सुरो

*

मंदिर, १४ जून

चि. तेत्सुरोस अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे सध्या राखून ठेवते आहे.

लोणचं चांगलं होतं. चार ओळी मिळणार नाहीत.

तुझे ते परिषदेचे व्याख्याते मागच्या महिन्यात इथे येऊन गेले. कोटाला बिल्ला, आणि बुटाला चिखल लागेल म्हणून गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. काच खाली करून मला विचारतात, आजी, खाण कुठल्या बाजूला. आणि हा गृहस्थ आम्हाला आमचा इतिहास शिकवणार. अशांच्या मागे तू हाजी हाजी करत फिरतोस, मला तर बाजारात तोंड दाखवायची लाज वाटते.

बाबा काय सांगायचे ते ऐक. मंदिराच्या मृतांच्या वहीत, फेब्रुवारी १९४४ मधल्या एकाच दिवशी, अकरा नावं आहेत. सगळी जपानी, कंपनीने त्यांच्यावर लादलेली. बोगद्यात पाणी घुसलं तेव्हा वरून हुकूम आला की दार लावा, आणि ते बाबांनी लावलं. आतून माणसं ठोकत होती. युद्धानंतर सात वर्षं हिंडून बाबांनी त्यांची खरी नावं मिळवली आणि इथे बसून स्वतःच्या हाताने वहीत शेजारी लिहिली. फलकावर आहेत ती हीच. जायच्या आदल्या वर्षी त्यांनी हे मला सांगितलं आणि म्हणाले, ही नावं पुसू देऊ नकोस.

विश्वास नसेल तर ये आणि वही वाच. बसने वीस मिनिटं लागतात.

लोभाचं काय ते तू आल्यावर बघू.

फुमिए

*

इवानोसावा, १७ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहितो. काल फलक काढला.

जूनमध्येच झालं असतं, पण मसुद्यात दुसऱ्याच गावाचं नाव राहून गेलं होतं, आणि वर ‘आमच्या बंदराचा अभिमान’. आपल्याकडे समुद्र कुठला. कारकुनाने वाचून दाखवलं आणि आम्ही नेहमीसारखे एका सुरात ‘हरकत नाही’ म्हणालो. वर्तमानपत्रात छापून आलं तेव्हा कळलं. म्हणून या महिन्यात पुन्हा घ्यावा लागला. दहा विरुद्ध दोन.

त्या चार ओळी मीच दिल्या, मुलगा या नात्याने. वही बघायला आलो नाही, कारण बघितली असती तर सभेत बोलता आलं नसतं. एवढं समजून घे.

पत्रकार आले तर ती वही दाखवू नकोस, एवढंच मागणं. नासपतीची पेटी पाठवतो आहे. लोभ कमी करू नकोस.

तेत्सुरो

*

मंदिर, २१ सप्टेंबर

चि. तेत्सुरोस. आशीर्वाद आज उरलेले नाहीत.

डोंगरातल्या गावाचं बंदर एका सुरात मंजूर करणारी तुमची सभा, तिच्याकडून मी दुसरी काय अपेक्षा करणार. पण तू त्यांच्यासारखा नाहीस. वही बघितली असती तर बोलता आलं नसतं, हे तू स्वतः लिहिलंस. म्हणजे तुला माहीत होतं. माहीत नसतं तर मी तुला माफ केलं असतं.

वही मी पत्रकारांना दाखवणार नाही. ती मेलेल्यांची आहे, तुमच्या भांडणासाठी नाही. पण बाबांची कबर आपली आहे, नगरसभेची नाही. कालपासून शरदातला पितरांचा आठवडा लागला. रियोकाईने अकरा उंच लाकडी फळ्यांवर एकेक खरं नाव लिहिलं आणि त्या बाबांच्या मागे ओळीने उभ्या केल्या. फळीच्या पाठीवर अर्पण करणाऱ्याचं नाव घालायची रीत तुला ठाऊक आहे, आणि घरच्या कबरीवर ते मुलाचंच असतं. तेव्हा अकराही फळ्यांच्या पाठीवर तुझं पूर्ण नाव, हिउरा तेत्सुरो, आहे, चांगल्या ठसठशीत अक्षरात. गाव येऊन वाचतंय. नगराध्यक्षांच्या आईने हात जोडले आणि मला म्हणाल्या, मुलगा निघाला बरं का बापासारखा.

तुझ्या परिषदेच्या कानावर जायच्या आत काढायच्या असतील तर काढ. त्याला ठराव लागत नाही. फक्त दिवसाउजेडी, सगळ्यांदेखत, एकेक नाव बघत आपल्या हाताने उपटाव्या लागतील. मी शेजारी बाकावर बसलेली असेन.

लोभ अजून आहे, नाहीतर तुझं नाव घातलंच नसतं.

तुझी ताई