सिलिंडरचा नंबर

गुरुजी, एक गंभीर तक्रार आहे. 'दृष्टिवैषम्य' असा भारदस्त सामासिक शब्द उपलब्ध असताना आमच्या साताऱ्यात त्या विकाराला सिलिंडरचा नंबर म्हणतात. परवा बायको शेजारच्या मावशींना आमच्या मुलीच्या चष्म्याबद्दल सांगत होती, तर मावशी एकदम खूश. "आवं, सिलिंडरचा नंबर लागला म्हणा की! आमी कवापासनं वाट बघतोय, गॅसवाला दाद देत न्हाई." त्यांना पेढे हवे होते. आता त्यांना समासाचा विग्रह कोण करून सांगणार?

हा विकार माझ्यात पहिल्यांदा तुम्हीच पकडलात. मी मागच्या बाकावर उभा आहे, फळ्यावर 'व्याघ्रं नरः पश्यति' आहे आणि मला अनुस्वाराच्या डोक्यावर आणखी एक ठिपका दिसतोय. तो विसर्ग समजून मी 'व्याघ्रः' वाचतो. "गाढवा, दोघेही कर्ते? मग कोण कोणाला बघतंय?" तुम्ही कान पिळता. पुन्हा वाचायला लावता, मी पुन्हा तेच वाचतो, आणि तुमचा हात कानावरच थांबतो. त्या रविवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही चष्मेवाल्याकडे नेलंत. वडिलांना म्हणालात, "पोरगं मठ्ठ नाही हो, त्याला जग दुहेरी दिसतं." पहिला चष्मा तुम्हीच घेऊन दिलात.

तो नंबर माझ्याकडून मुलीकडे गेला. ती पाटबंधारे खात्यात नकाशे काढते, केसाएवढी रेघ चुकत नाही. गेल्या महिन्यात पलूसहून तिला बघायला मंडळी आली. मुलाच्या आईने चहाचा कप खाली ठेवला, हात पुढे केला आणि तिच्या नाकावरचा चष्मा स्वतःच काढून घेतला. "दारापर्यंत जाऊन ये बघू, बाळ." बाजारात बैल चालवून बघतात तसं. मुलगी उंबऱ्याला अडखळली आणि मंडळी हसली. मुलाच्या स्वतःच्या चष्म्याला सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या काचा! मी तसं म्हटलं, तर त्याचा मामा म्हणतो, "आवं पावनं, गड्याला काय हुतंय? पोरीचं तोंड बघाय लागतंय. सांगलीला लेसर का काय ते करून आणा, मग सुपारी फोडू." मला इतकी किळस आली की त्यांच्या बशांत उरलेला चिवडासुद्धा मी बायकोला परत डब्यात भरू दिला नाही. दुसऱ्याच दिवशी नकार कळवला.

पण मुलगी म्हणाली, "बाबा, पलूसवाले गेले उडत. पुढचेही हेच म्हणणार. मला करून टाकायचंय." म्हणून सांगलीला गेलो. यंत्र नवंकोरं आहे. भिंतीवर बिनचष्म्याच्या हसऱ्या नवरींचे फोटो लावलेत, दवाखाना आहे की वधूवर मंडळ कळेना. डॉक्टरांनी समजावलं, पापणी चिमट्याने उघडी धरायची, बुबुळावरचा पातळ थर उचलायचा, खाली लेसर मारायचा, थर परत ठेवायचा. "भाकरीचा पापुद्रा उचलतो ना, तसं." त्या दिवसापासून मी चपातीच खातोय.

मग तपासणीचा कागद बघत ते सहज म्हणाले, "बुबुळ जरा पातळ आहे हिचं. पण सहसा काही होत नाही." सहसा! तुमच्या संस्कृतात सहसा म्हणजे अविचाराने, एकाएकी. आमच्या मराठीत तोच शब्द बहुतेक वेळा म्हणून धीर द्यायला वापरतात. मी तिथेच त्यांना हा अर्थभेद सांगायला लागलो, तेव्हा मुलीने माझा हात दाबला आणि डॉक्टरांना म्हणाली, "कधी येऊ?"

उद्या सकाळच्या एसटीने निघायचं आहे. हे पत्र टाकायला तुमचा पत्ता उरलेला नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. शुद्धलेखन तपासून परत पाठवलं असतंत. ती आत बसून उरलेला नकाशा पुरा करते आहे, नाक कागदाला टेकवून. गुरुजी, तिची नजर जाईल अशी मला भीती वाटते. हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही.