तक्त्याचा डोंगर

जावईबापू,

जेवणाच्या टेबलाला हात लावू नका, तिथे लढाई चालू आहे. तुमचं ताट ओट्यावर झाकून ठेवलंय, उभ्याने जेवा.

बोटभर उंचीचे सैनिक आणून लेकीला खेळ शिकवलात, इथवर तुमचं डोकं ठिकाणावर होतं. मग भिंतीवर तक्ता चिकटवलात: ‘शैक्षणिक उपक्रम. गणित, संयम, नेतृत्व. दहापैकी गुण.’ पोरीने तो वाचला, मला विचारलं, "आजोबा, म्हणजे हाही अभ्यासच का?" आणि सगळे सैनिक मुकाट्याने डब्यात भरले. आठ वर्षांच्या मुलीचा खेळ दोन शब्दांत मारायचा, याला खरोखर उच्च शिक्षण लागतं.

तक्ता मी काढला आणि चुरगाळून त्याचा डोंगर केला. तेव्हा कुठे डबा पुन्हा उघडला. तिचे तिरंदाज आता शिखरावर आहेत आणि मी दोनदा सपशेल हरलोय. डोंगराला हिरवा रंग हवा म्हणते, तो आणायला आम्ही चाललोय.

आल्यावर तिने खेळायला बोलावलंच, तर गुपचूप बसा आणि हरा. तुमचं सैन्य पायथ्याशी लावा. तिथे ‘नेतृत्व’ अजून स्पष्ट वाचता येतं.

सासरेबुवा