हातातून सुटणारी जुडी

मंगळवार, संध्याकाळ

त्या सकाळी आम्ही दोघं ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होतो. यांच्या डाव्या हातातून जुडी सारखी सुटत होती. मी हसले, म्हटलं, "झोप उतरली नाही का अजून?" मग जीभही जड झाली. शेजारीण म्हणाली, अंगावरून वारं गेलंय, तेल चोळा. चोळत बसलो. दवाखान्यात पोचेस्तोवर उशीर झाला होता. हे गेले.

आता सून अंबडहून कामावरून येईपर्यंत घरात मी आणि नऊ वर्षांची नात ओवी, दोघीच. लकवा कसा ओळखायचा, ते वाचलेलं आज तिला शिकवलं. माणसाला हसायला सांगायचं, दोन्ही हात वर करायला सांगायचं. तोंड वाकडं झालं, हात खाली आला, बोलणं अडखळलं, तर लगेच अँब्युलन्सला फोन. मी तोंड वाकडं करून दाखवलं, तर ती खो खो हसली. मीही हसलेच होते की.

सून चिडली. "आई, दिवेलागणीला कसलं अभद्र बोलता? पोर घाबरेल ना!" घाबरेलही. पण ती जुडी...

बुधवार

दुपारी ओवीला घेऊन जुड्या बांधायला बसले आणि काही न बोलता डाव्या हातातली जुडी सोडून दिली. एकदा, मग पुन्हा. तिने फोन जवळ ओढला.

"आजी, हस बघू."

मी हसले.