सुरतेला आम्ही जेवलो

यावल, माघ वद्य ४, शके १८४७

प्रिय मंचेरशा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि मी उत्तर दिलं नाही. कापसाची वेचणी चालू आहे, पण कारण ते नाही. भुसावळच्या शाळेत एका बाकावर बसलेल्या मित्राला काय लिहावं, हेच सुचत नव्हतं.

सुरतेला तुझ्याकडे राहून आम्ही तिघं परत आलो, तरी माझी बहीण प्रमिला अजून डुमसचा समुद्रच सांगत असते. आपल्या तापीचं पाणी शेवटी खारट होतं, हे तिनं ओंजळभर चाखल्यावरच मानलं. आणि नदीकाठच्या मांडवात पोंक खाताना आई म्हणाली होती, हा तर आपला हुरडाच, यांनी शेव घालून अन् लिंबू पिळून त्याला शहरात आणून बसवलाय.

तुला आठवतं, आम्ही पहिल्या दिवसापासून तुझ्या घरी जेवत होतो, पण आईनं तीन दिवस घरून आणलेल्या दशम्यांवर काढले. पाणीसुद्धा स्वतःच्या तांब्यातलं. चौथ्या दिवशी दशम्यांना बुरशी आली. तेव्हा सूनावहिनींनी बाजारातून कोरी पितळी भांडी आणली, आईला दाखवली, आणि वरणभात नि तुमचा तो गोड रवो केला. आई उंबऱ्याशी बसून कितीतरी वेळ पाहत होती. मग उठून पाटावर येऊन बसली. म्हणाली, ‘वाढ, बाई.’

तो रवा तुपात किती भाजायचा आणि त्यात दूध कधी ओतायचं, हे प्रमिलानं गेल्या आठवड्यात विहिरीवर बायकांना सांगितलं. पोरीला काय ठाऊक. त्यावरून गावात कुजबूज झाली आणि शनिवारी आमच्या जातीचे पंच बसले. फाल्गुनात प्रमिलाचं लग्न आहे आणि तिचा होणारा सासरा समोरच बसला होता. मुख्य पंच तोताराम पाटलांनी विचारलं, ‘जीवराम, पारश्याच्या घरी शिजलेलं खाल्लं का?’

मी म्हणालो, नाही. फक्त फळं घेतली. जेवायला आम्ही धर्मशाळेत जात होतो.

मंचेर, हे मी बोललो. माझ्याच तोंडानं.

त्यानंतर आई माझ्याशी बोलेना. मी ताटावर बसलो की ती उठून ओट्यावर जाई. काल संध्याकाळी एवढंच म्हणाली, ‘त्या बाईनं माझ्यासाठी कोरी भांडी आणली. अन् तू म्हनतो, तिच्या दारी जेवलोच नही.’ आज सकाळी ती काठी घेऊन एकटीच तोताराम पाटलांकडे निघाली. मी मागोमाग गेलो. तिनं सांगितलं, ‘म्या मांगून खाल्लं. दोनदा.’ मीही कबूल झालो. पाटील वाईट माणूस नाही. त्याला प्रमिलाचं लग्न वाचवायचं आहे. तो म्हणाला, म्हातारीला भ्रम झालाय आणि तू आईच्या भिडेनं बोलतोस. आता पारशी काय सांगतो त्यावर निकाल.

प्रमिला सकाळपासून रडते आहे. आईशी बोलत नाही, माझ्याशीही नाही. तिचंही चुकलं असं मला म्हणवत नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. बुधवारच्या गाडीनं दोन माणसं तुझ्याकडे विचारायला निघतील. उखर्डू नावाचा म्हातारा आणि त्याचा पुतण्या. त्याआधी हे तुझ्या हाती पडावं म्हणून मी आत्ताच टपालात टाकतो आहे. मी तुला ओळखतो. आमचं भलं व्हावं म्हणून तू बिनदिक्कत सांगशील की हे लोक माझ्या घरी जेवले नाहीत. तसं सांगू नकोस. लग्न मोडलं, वाळीत टाकलं, तरी ते आमचं आम्ही पाहू. तू खरं सांग. काय वाढलं, कोणी किती खाल्लं, सगळं सांग. आणि माणसं लांबून उपाशीपोटी आलेली असतील. सांगून झालं की त्यांनाही एकदा विचार, जेवून जाता का म्हणून.

तुझाच,
जीवराम