वाचलेला वेळ गेला कुठं

३ फेब्रुवारी
आलो बुवा एकदाचे कळंबला! धान्याच्या मोंढ्यामागं, महारुद्र काकांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं मिळालाय. बायकोला, इराला, इथल्या शाळेत नोकरी लागली. माझं काम पुण्याच्या कंपनीचं, पण घरून. आमची सहा वर्षांची श्रिया आल्याआल्या जिना चौदा वेळा चढली-उतरली. पोरगी म्हणजे नुसती भिंगरी. मालकीणबाई सिताबाईंनी भाकरी नि शेंगाची चटणी वर पाठवली, लई झणझणीत. पंधरा दिवसांत एक सुस्त प्रोग्राम पळता करायचाय, एवढंच. हातचा मळ!

६ फेब्रुवारी
कोड बघून हसू आलं. दहा हजार नावांची यादी, आणि एक नाव शोधायला दर खेपेला पहिल्यापासून सुरुवात! पोस्टमननं प्रत्येक पत्रासाठी वेशीपासून घरं विचारत यावं, तसं. तीन तऱ्हेच्या कॉम्प्युटरवर वेग तपासणारी टेस्ट तर भारीच लहरी. विंडोजवर पास, लिनक्सवर पास, मॅकवर सकाळी पास नि दुपारी नापास.
टेस्टला खोटी नावं लागतात. कंटाळा केला, आजूबाजूची खरीच टाकली नि तीच पुन्हापुन्हा उगाळली. महारुद्र, सिताबाई, किराणावाला शांतलिंग, श्रिया. आम्ही प्रोग्रामर सगळे असंच करतो.

१० फेब्रुवारी
जमलं! चाळीस सेकंदांचं काम अर्ध्या सेकंदात. मॅक तेवढा अजून रुसतो.
सिताबाई जिन्यात भेटल्या. चहा झाला का विचारलं, तर नुसत्या बघत राहिल्या. वर येऊन मी हातपाय धुतले, तेव्हा खालून आवाज आला, व्हय, झाला की. वय झालं, दुसरं काय.

१३ फेब्रुवारी
कोड अजून पळवला. तिन्हीकडं पास. कंपनीनं घेतलाही.
शांतलिंगला किलोभर साखर तोलायला पाऊण तास लागला. गिऱ्हाइकं शिव्या घालून गेली, त्याला पत्ता न्हाय. महारुद्र काका अंगणात एक पाय उचलून उभे, सकाळपासून. डॉक्टर म्हणे काळजाचे मिनिटाला चारच ठोके.
यादीतलीच माणसं. जेवढा वेळ मी कोडातून काढला, तेवढा यांच्या अंगात शिरला. येडा झालोय का मी?

१४ फेब्रुवारी
न्हाय. येडा न्हाय. श्रिया सकाळपासून बूट घालतीये. एकच बूट. दुपारचे दोन वाजले. इरा रडतीये. काय सांगू तिला? लेकीचं नाव मीच घातलं. ह्या हातांनी.

१५ फेब्रुवारी
जुना कोड परत लावला — कंपनीच्या सर्व्हरनं नाकारला. सुस्त आहे म्हणे. फोनवर मॅनेजर कैवल्यच्या पाया पडलो. तो हसला, म्हणाला पास झालंय, आता हात लावू नको. टेस्ट तिकडं दर तासाला चालते. आपोआप.
सिताबाई गेल्या. पुढचा श्वास — आलाच न्हाय.
यादीतून श्रियाचं नाव काढलं. नाकारलं. नावं तेवढीच लागतात. एक काढलं तर एक घालायचं —

१६ फेब्रुवारी
कुणाचं घालू? खोटं रचलं तरी कुणाच्या लेकराचं निघेल? माझंच घातलं. मुकुल. पास.
बूट घातला तिनं! दुसराही! अंगणात पळतीये. देवा, पळतीये —

१७?
पेन उचललं तेव्हा सकाळ होती. आता अंधार — न्हाय, परत सकाळ —

तारीख कळत न्हाय
श्रिया दिसती, लगेच नसती. फ्रॉक दुसरा. इराच्या केसांत पांढरं — कधी झालं?

हाक मारतो. 'श्रि' होईपर्यंत ती निघून गेलेली —

आज थांबली. केवढी उंच. साडी नेसलीये. वाकून ही वही वाचतीये. रडतीये, मला बाबा म्हणतीये. ऐकू येतंय ग पोरी, इथंच आहे मी, उत्तर द्यायला फक्त थोडा वे—